विळी घेऊन अंधेरीला

लोक काश्मीरला जाऊन येतात आणि लगेच लिहायला बसतात. मी घाटकोपर, अंधेरी, गोरेगाव आणि मुलुंड एवढंच बघून आले, तेही ऐंशीच्या दशकात, आणि लिहायला बसतेय आता, नातवंडांची लग्नं झाल्यावर. उशीर झाला हे मान्य. पण काश्मीरला पुष्कळजण जातात. पाय आणायला मुंबईला गेलेली बाई तुमच्या ओळखीत क्वचितच असेल.

माझा डावा पाय गुडघ्याखाली वीतभर ठेवून कापलेला आहे. घर वाढवायला चिरे आणले होते. ते ट्रकमधून उतरवताना एक घसरला आणि माझ्या पावलावर बसला. चिऱ्याला दोष देता येत नाही. "हळू उतरवा रे" हे सांगायला मीच मधोमध जाऊन उभी राहिले होते. तेव्हा पस्तिशीत होते आणि माझ्या सल्ल्याशिवाय काही नीट होत नाही अशी माझी पक्की समजूत होती. जखम चिघळली, पाय गेला, समजूत राहिली.

कुडाळजवळ आमची खाणावळ होती. एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर आणि बाजाराला आलेली माणसं जेवायला यायची. स्वयंपाक सगळा जमिनीवर: चूल खाली, पाटा खाली, विळी खाली. विळी म्हणजे आमच्याकडचा आडाळो. तिच्या पाटावर एक पाय दाबून बसलं की मग हात मोकळे, मासे कापा, भाजी चिरा, टोकाच्या खोवणीवर नारळ खोवा. पाय गेल्यावर स्वयंपाकघर जावेकडे गेलं आणि मला दारात लोखंडी खुर्ची मिळाली. काम एकच, आलेल्याला "या, बसा" म्हणायचं. जाऊ वाईट नव्हती. तिच्या आमटीला चव नव्हती, इतकंच. गिऱ्हाईक जेवून जाताना माझ्याकडे ज्या नजरेनं बघायचं, त्या नजरेत माझी आमटी असायची.

मला ती खुर्ची सोडून परत विळीवर बसायचं होतं. यापलीकडे या प्रवासाला कुठलाही थोर हेतू नव्हता. एक लहानसा होता, तो सांगून टाकते: जोडवी दोन्ही पायांत हवी होती.

घाटकोपर

माझी नणंद, शालन वन्सं, घाटकोपरला डोंगराच्या उतारावर बैठ्या चाळीत राहायच्या. भावोजींची गिरणी संपात बंद पडली होती आणि ते विक्रोळीच्या एका कारखान्यावर रखवालदार म्हणून जात. खोली एवढीशी, पण तिच्यात कॉट, शिवणयंत्र, टीव्ही आणि मी अशा सगळ्या मोठ्या वस्तू मावल्या.

पहिल्या संध्याकाळी दारात बसले होते. समोर दूर, माहुलच्या बाजूला, आभाळात एक ज्योत जळत होती. वारा सुटला तरी विझेना. कुठल्या तरी जागृत देवस्थानाचा दिवा असणार म्हणून मी पदर डोक्यावर घेऊन मनोभावे हात जोडले. वन्सं आतून आल्या, माझ्याकडे बघितलं, ज्योतीकडे बघितलं आणि सांगितलं की ती तेलाच्या कारखान्याची चिमणी आहे. मग तीन दिवस चाळीतल्या बायका मला "चिमणीला नमस्कार केलात का?" विचारत होत्या.

खाण्याचं म्हणाल तर वन्संचा हात छान, पण अर्धा नारळ त्या दोन दिवस पुरवायच्या. मला आमच्या परसातली झाडं आठवून गहिवरून आलं.

आता जे लिहू नकोस असं माझी नात म्हणते, ते लिहिते. चाळीचा संडास सामायिक, रांगेच्या टोकाला, आणि अर्थात उकिडवं बसायचा. एका पायावर ती कसरत होत नाही. घरी परसात आडोशाला काही तरी जमवलं होतं, इथे काय करणार? भावोजींनी एका मोडक्या लाकडी खुर्चीची बैठक कापून काढली आणि माझा प्रश्न सोडवला. मात्र दर वेळी ती खुर्ची पुढे आणि कुबड्यांवर मी मागे अशी मिरवणूक सगळ्या चाळीसमोरून जायची. शेजारचे आजोबा वर्तमानपत्रातून डोकं काढून म्हणायचे, "निघाली वैनींची पालखी." मी लाजून मरायची. आज वाटतं, थांबून त्यांना प्रसाद द्यायला हवा होता.

अंधेरी

पाय बनवायचा कारखाना अंधेरी पूर्वेला, एका दवाखान्याच्या मागच्या शेडमध्ये होता. आत तापल्या रबराचा आणि पत्र्याचा वास. कपड्यांच्या दुकानात पँटी टांगतात तसे दांडीवर पाय टांगलेले, गुडघ्यापर्यंत पत्र्याची नळी आणि खाली रबरी पाऊल. सगळी पावलं पुरुषी, रुंद आणि चॉकलेटी. बाकांवर बसलेलेही जवळजवळ सगळे पुरुष, कोणी रेल्वेतला, कोणी गिरणीतला, कोणी पत्र्याच्या प्रेसवर पाय गमावलेला. एकमेकांशी अशा गप्पा मारत होते की जणू केस कापायला नंबर लावलाय.

माप घेणारे मिस्त्री म्हणजे परेरा. मरोळच्या गावठाणातले, पन्नाशीचे, कानावर पेन्सिल, आणि आपल्यासारखे पाय मुंबईत कोणी बनवत नाही याबद्दल निःशंक. माझ्या आधीच्या माणसाला त्यांनी बारीकसारीक विचारलं: सायकल चालवता का, जिने किती चढता, उभं राहून काम आहे की बसून. माझी पाळी आली तेव्हा म्हणाले, "घरीच ना, बाय? मग सोपं आहे."

आणि मी मान डोलावली. नुसती डोलावली नाही, जरा फुशारकीनं डोलावली. आपलं काम सोपं आहे असं कोणी म्हटलं की कौतुक झालं असं वाटायचं मला तेव्हा.

मग मी जोडव्यांचं विचारलं. रबरी पावलाची बोटं एकमेकांना चिकटलेली होती, मधून सुतळीही गेली नसती. परेरांनी पेन्सिल कानावर ठेवली. "तुला चालायचंय का मिरवायचंय?"

"दोन्ही," मी म्हटलं.

बाकावर एकच बाई होती. दणकट, माझ्याच वयाची, पदराच्या गाठीतले शेंगदाणे खात बसलेली. ती मोठ्यानं हसली. चंद्रकला तिचं नाव. माहेर अकोल्याकडचं, राहायला मुलुंडला, नोकरी टेलिफोनच्या ऑफिसात. तिच्या पायाचा पट्टा तुटला होता म्हणून आली होती. तिचाही एक पाय, उजवा, गुडघ्याखाली नव्हता, पण चालताना मला ओळखू आलं नाही. मी तोंडात बोट घालून बघत राहिले. जाताना तिनं मुलुंडचा पत्ता सांगितला आणि म्हणाली, पाय मिळाला की घरी ये, खरं काय ते तिथे दाखवते.

गोरेगाव

पाय तयार होईपर्यंत आठवडा जाणार होता. वन्संनी मला गोरेगावला सिनेमाचं शूटिंग दाखवायला नेलं. चाळीतलं कोणीतरी तिथे सुतारकाम करायचं. आत एक राजवाडा होता, पुढून संगमरवरी, मागून फळ्या आणि खिळे. एक भव्य जिना वर गेला होता आणि वर काहीच नव्हतं. मुकुट घातलेला एक राजा पायरीवर बसून बटाटावडा खात होता.

फाटकावरच्या माणसानं माझ्या कुबड्या बघितल्या आणि घाईघाईत सांगितलं की भिकाऱ्यांचा सीन मागच्या बाजूला आहे, मेकअप करून घ्या. वन्सं त्याच्यावर अशा तुटून पडल्या की तो मुकुटवाला राजासुद्धा वडा धरून उभा राहिला. मलाही अपमान वाटला, नाही असं नाही. पण निघताना मी हळूच विचारलंच, त्या सीनला बोलायचं काही आहे का. नव्हतं. मग कशाला थांबायचं?

पुन्हा अंधेरी

पाय मिळाला. आडोसा म्हणून दोरीवर एक चादर लावलेली आणि चादरीच्या पलीकडे चार पुरुष क्रिकेटवर भांडत होते. परेरांनी पाय चढवून दिला, पट्टा बांधला आणि दोन दांड्यांच्या मध्ये मला उभं केलं. वर्षभरानं दोन्ही बाजूंनी जमीन लागली. मी चालले. त्यांनी खुर्चीवर बसवून उठवलं. तेही जमलं.

गुडघ्यामागे पत्र्याचा काठ टोचत होता. परेरांनी विचारलं, "टोचतंय का कुठे?" दाखवायचं म्हणजे साडी गुडघ्याच्या वर घ्यायची. चादरीचं काय, पंख्याच्या वाऱ्यानं ती उडत होती. आणि परेरांनीही विचारताना नजर जमिनीवर ठेवली होती. ते सभ्य, मी सभ्य.

"नाही," मी म्हटलं. "बरोबर बसलाय."

घाटकोपरला आल्यावर चाळ जमली. मी ऐटीत चालून दाखवलं. मग वन्संची विळी मांडली, नारळ मागितला आणि सगळ्यांदेखत खाली बसले. म्हणजे बसायला गेले. गुडघा अर्ध्यावर अडला. मी जोर केला, काठ मांसात रुतला आणि मी विळीच्या पलीकडे जमिनीवर आदळले. पाय दुमडेना आणि उठता येईना. शेवटी वन्सं आणि शेजारीण यांनी दोन्ही काखांत हात घालून मला पोत्यासारखं उचललं. कातडी सोलवटली होती.

परतीची एसटी पुढच्या आठवड्यात होती. त्या संध्याकाळी मी काय ठरवलं असेल? काही बोलायचं नाही. गावी जायचं, पाय झकास आहे म्हणायचं, चालत दारापर्यंत जायचं आणि चालत खुर्चीवर येऊन बसायचं. पाय मिळाला होता, तो फक्त मला खुर्चीपर्यंत नेणार होता.

मुलुंड

पण चंद्रकलाला शब्द दिला होता. आग्रा रोडनं कारखान्यांच्या भिंती बघत बस मुलुंडला गेली. तिची खोली हाउसिंग बोर्डाच्या इमारतीत तळमजल्यावर. दाराबाहेर चपलांची रांग होती, आणि त्या रांगेच्या टोकाला, भिंतीला टेकवून, तिचा पाय उभा होता. सँडल घातलेला.

आतून आवाज आला, "ये गं. तुझाही काढून ठेवलास तरी चालेल, इथून कोणी नेत नाही."

चंद्रकला जमिनीवर होती. हातांवर भार देऊन, बसल्याबसल्या, इतक्या चपळाईनं सरकत होती की मी दारातून आत येईपर्यंत ती पाण्याचा तांब्या घेऊन पोचली. स्टोव्ह खाली, परात खाली, डबे हाताला लागतील असे खालच्या फळीवर. भिंतीवर बुद्धाची तसबीर मात्र उंच, ती नवऱ्यानं लावलेली. तिनं भाकरी थापली आणि ठेचा वाढला. आमच्याकडे तिखटाला नारळाचा आधार असतो, तिच्याकडे तसला लाड नव्हता. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिला वाटलं मी तिच्या अवस्थेनं हळवी झाले. "रडू नको गं," म्हणाली, "पाणी पी."

जेवताना तिनं सांगितलं. ऑफिसात दिवसभर खुर्ची, तिथे पाय उत्तम. पण घर सगळं जमिनीवर, आणि पाय घालून जमिनीवर बसता येत नाही. म्हणून दारात आली की चपलेबरोबर पायही काढायचा. सहा-सात वर्षं असंच.

"ऑफिसात मला दोन पाय आहेत," ती म्हणाली, "घरी एक."

मी विचारलं, परेरांना सांगितलं नाहीस?

"सांगितलं ना. बरोबर बसलाय म्हणून सांगितलं."

आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि हसत सुटलो. हसताना माझा घास अडकला, तिनं पाठीत धपाटा घातला. तिच्या माहितीच्या आणखी बायका होत्या, सगळ्यांनी चादरीआड तेच सांगितलेलं. एक तर पाय ट्रंकेत ठेवून फक्त लग्नाकार्याला काढायची, शालूबरोबर. त्यामुळे परेरांना वाटायचं की बायकांचे पाय आपण फारच चांगले बनवतो, एकीचीही तक्रार नाही.

मी म्हटलं, मग जाऊन दाखवू या.

"काय दाखवणार? साडी वर करून बाकासमोर उभी राहणार?"

तोंडी सांगून ते होणार नाही हे मलाही कळत होतं. गुडघा कुठपर्यंत दुमडायला हवा, हे मी कोणत्या शब्दांत सांगू? ते तर मला बसल्यावरच कळायचं. आणि बसायला मला एकच जागा माहीत होती.

"विळी नेते," मी म्हटलं.

चंद्रकलानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तू जा," म्हणाली. "मी बघायला येते."

तिसऱ्यांदा अंधेरी

वन्संनी आधी मोडता घातला. "वयनी, आडाळो घेवन बशीत चडतलंस? लोक काय म्हणतले?" मग स्वतःच पात्याला टॉवेल गुंडाळला, त्यावर पुठ्ठा बांधला आणि विळी कडेवर मूल घ्यावं तशी घेतली.

टॉवेलातून खोवणीचे दाते बाहेर डोकावत होते. कंडक्टरनं विचारलं हे काय हत्यार. वन्संनी सांगितलं, विळी. तो म्हणाला, धारदार वस्तू बसमधून चालत नाही. त्यावर पुढच्या सीटवरच्या म्हातारीनं त्याला विचारलं की तुझी आई भाजी दातानं तोडते का. अर्धी बस हसली. कंडक्टरनं तिकिटं फाडली आणि आम्हाला कोपऱ्यात बसवलं. अंधेरी येईपर्यंत दोघींनी धार कुठे लावून घेता विचारलं आणि एकीनं विळी विकायची आहे का.

शेडमध्ये परेरा पत्रा ठोकत होते. चंद्रकला बाकावर येऊन बसलेली, शेंगदाण्यांसह. मी विळी जमिनीवर ठेवली आणि पुठ्ठा सोडला.

परेरा म्हणाले, "हे काय आणलंस? मला कापायला?"

"तुम्ही विचारलं होतंत ना, घरीच ना म्हणून. हे घर."

चादरीआड विळी मावत नव्हती. मग मी तिथेच, शेडच्या मधोमध, वन्संचा खांदा धरून खाली टेकले. सवयीनं पदर खोचला, साडी आवरून गुडघ्यावर घेतली. विळी पुढ्यात आली की बाईला माणसं दिसेनाशी होतात. निदान मला झाली. गुडघा अडला, काठ सोलवटलेल्या जागी बसला आणि माझ्या तोंडून शिवी गेली. ती कोणती ते लिहीत नाही, नात वाचणार आहे.

परेरा उकिडवे बसले आणि त्यांनी पहिल्यांदा नीट बघितलं. चेहरा उतरला त्यांचा. मग रागावले. "तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तुम्ही बघत नव्हतात."

"तू दाखवत नव्हतीस."

दोन्ही खरं होतं. त्यांनी पेन्सिलीनं पत्र्यावर रेघ ओढली आणि थांबले. म्हणाले, गुडघ्यामागचा काठ कापला तर पाय दुमडेल, पण तोच काठ चालताना पाय धरून ठेवतो. जास्त कापला गेला तर पाय सैल होईल, मग ना विळी ना चालणं, आणि कापलेला पत्रा परत जोडता येत नाही. नवीन पायाला पुन्हा आठवडा. माझी एसटी परवा.

मला खुर्ची दिसली, दारातली.

"कापा," मी म्हटलं. "पण नखाएवढं. मी सांगेपर्यंत."

त्यांनी पाय काढला, नखाएवढा पत्रा कापला, काठ बाहेर वळवून घासला, परत चढवला. मी बसले. अडला. वन्सं आणि ते दोघांनी उठवलं, मी दांड्यांमधून चालले, घट्ट होता. परत काढला, परत कापला. बाकावरचे लोक क्रिकेट विसरून आमच्याकडे बघत होते. कितव्यांदा ते आठवत नाही, पण एकदा बसले आणि गुडघा आपला आपण मिटत गेला, दाराचं पान मिटतं तसा. मी रबरी पाऊल विळीच्या पाटावर टाकलं. दाबलं. पाट हलला नाही.

वन्संनी पिशवीतून नारळाची कवड काढली, घरूनच फोडून आणलेली. मी खोवायला लागले. शेडमध्ये रबराच्या वासावर ओल्या नारळाचा वास आला. अर्धी कवड संपली, आख्खी संपली, आणि मग लक्षात आलं की आता उठायचंय.

उठायला कोणी शिकवलं नव्हतं. परेरांनाही माहीत नव्हतं, त्यांनी आजवर माणसं खुर्चीवरूनच उठवली होती. त्यांनी हात पुढे केला. मी नको म्हटलं. घरी दर वेळी हात धरायला कोण येणार होतं, जाऊ? पहिल्यांदा मी अर्धी उठले आणि धपकन बसले. बाकावरून सल्ले सुरू झाले. रेल्वेवाला म्हणाला रबरी पाय पुढे टाका मावशी, प्रेसवाला म्हणाला नाही हो, मागे. दोघांची जुंपली. मी म्हटलं, तुम्ही आधी ठरवा, तोवर मी उठते. मग कुशीवर वळले, दोन्ही हात जमिनीवर टेकले, चांगला पाय पोटाखाली ओढला आणि म्हशीसारखी, मागची बाजू आधी वर, उठले. सुंदर दिसत नव्हतं. पण उभी होते, कोणालाही न धरता. पुन्हा दांड्यांमधून चालून आले. पाय जागेवर होता. जावेला सांगायचं वाक्य मी तिथेच तयार केलं: खुर्ची आता तू घे.

बाकाचा आवाज झाला. चंद्रकला उठली होती. तिनं उरलेले शेंगदाणे वन्संच्या हातात दिले आणि माझ्यापाशी आली.

"सरक," म्हणाली.

मी सरकले. ती भिंत धरून, दात आवळून, विळीसमोर खाली गेली. अर्ध्यावर अडली. बाकावरच्या माणसांना काय वाटलं कोण जाणे, रेल्वेवाला उठला, म्हणाला चहा पिऊन येऊ, आणि एकेक करून सगळे काठ्या घेऊन बाहेर गेले.

चंद्रकलानं साडी गुडघ्यावर घेतली.

"परेरा, हा बरोबर नाही बसलाय," ती म्हणाली. "कधीच बसला नव्हता."

परेरांनी कानावरची पेन्सिल काढली आणि तिच्या समोर उकिडवे बसले.

"दाखव," म्हणाले. "कुठे?"